गेमचा कॉम्प्युटर घेताय? आधी खोलीचा उकाडा बघा!

दहावी-बारावीचा निकाल लागला किंवा मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला गेला की घरात एक मागणी हमखास येते. पूर्वी ती सायकलची असे, मग मोबाईलची झाली. आता ती गेमिंग कॉम्प्युटरची आहे. मागणी मुलाचीच असते असेही नाही, मुलीही मागतात आणि मागावा. वडील ऐकून घेतात, आई किंमत विचारते आणि किंमत कानावर पडली की दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही.

साठ-सत्तर हजार रुपये ही आपल्या घरांत लहान रक्कम नव्हे. ती भिशीचा नंबर लागल्यावर येते, बोनसमधून येते, नाहीतर पतपेढीच्या कर्जातून येते. म्हणूनच ही वस्तू टी.व्ही. किंवा फ्रिजसारखी जाहिरात पाहून घ्यायची नाही. ती भाग निवडून, जुळवून घ्यायची आहे. भाग चुकीचे निवडले तर कर्जाचे हप्ते चालू असतानाच कॉम्प्युटर बंद पडतो, अशी उदाहरणे आपल्या आजूबाजूला आहेत.

वाचक बंधू-भगिनींनो, "गेमसाठी एवढा खर्च कशाला?" हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मुलानेच द्यायला हवे. परंतु एक गोष्ट लक्षात घ्यावी. गेमसाठी जे ग्राफिक्स कार्ड लागते, तेच कार्ड त्रिमितीय चित्रांच्या 'ब्लेंडर'ला, व्हिडिओ एडिटिंगला आणि इंजिनीअरिंगच्या ड्रॉइंगलाही उपयोगी पडते. 'ब्लेंडर' तर फुकट मिळते. मुलगा यातले काही शिकत असेल तर पैसा दुहेरी कामी येतो. नुसते टॅली, टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्म भरणे एवढेच काम असेल, तर मात्र साधा कॉम्प्युटर पुरे. दुकानदार काहीही सांगो.

दुसरी भीती जुगाराची. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून बंदी घातली. 'व्हॅलोरंट' किंवा 'काउंटर-स्ट्राइक २' हे त्या जातीचे खेळ नव्हेत. ते फुकट खेळता येतात आणि निशाणेबाजीचे असतात. हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत, जी २०२३ मध्ये झाली, ई-स्पोर्ट्सला पदकेही होती. पण म्हणून "गेम खेळून करिअर करीन" असे मुलगा म्हणाला तर लगेच भुलू नये. गल्लीत क्रिकेट खेळणारे सगळे रणजीला जात नाहीत. शिवाय हे खेळ खेळायला फुकट असले तरी आत बंदुकांचे रंग आणि कपडे विकत मिळतात. घरातले कार्ड किंवा यूपीआय मुलाच्या हाती मोकळे सोडू नये.

पडद्यापासून सुरुवात करा

बहुतेक जण प्रोसेसरपासून यादी करायला घेतात. आमचे मत उलटे आहे. आधी मॉनिटर आणि कोणते गेम खेळायचे ते ठरवावे. २४ इंची मॉनिटर, ज्यावर आडव्या १९२० आणि उभ्या १०८० ठिपक्यांचे चित्र दिसते, तो आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत भरपूर होतो. त्याच्या चौपट ठिपक्यांचा, ज्याला 'फोर-के' म्हणतात तो, घेतला की त्याला पोसायला महाग कार्ड लागते. महाग कार्डाला मोठा एसएमपीएस लागतो. त्या दोघांची उष्णता बाहेर काढायला मोठे कॅबिनेट लागते. खर्चाची ही साखळी पडद्यापासून सुरू होते, म्हणून ती तिथेच तोडावी.

प्रोसेसर म्हणजे यंत्राचा मेंदू. मध्यम खर्चात इंटेलचा कोअर आय-३ १२१००एफ किंवा आय-५ १२४००एफ आणि एएमडीचा रायझन ५ ५६०० हे तिन्ही २०२२ साली आलेले असले तरी आजही या पडद्यावरचे काम नीट करतात. इंटेलच्या नावामागे 'एफ' असेल तर त्या प्रोसेसरला स्वतःचे चित्र काढता येत नाही. वेगळे ग्राफिक्स कार्ड घेतल्याशिवाय पडदा काळाच राहील. रायझन ५ ५६०० चेही तसेच आहे. उलट रायझन ५ ५६००जी मध्ये चित्राची सोय आतच असते. पैसे एकदम जमत नसतील तर हा 'जी' घ्यावा, हलके गेम त्यावर चालतात, अभ्यास चालतो आणि वर्ष-दोन वर्षांनी बोनस मिळाला की कार्ड बसवता येते. पुढे मोठे कार्ड बसवल्यावर तो ५६०० पेक्षा थोडा मागे पडतो, कारण त्याच्या पोटातली जलद स्मृती निम्मी आहे. तरीही कर्ज काढण्यापेक्षा ही वाट बरी, असे आम्हांस वाटते.

मदरबोर्ड घेताना त्याचे सॉकेट विचारा. एएमडीचे एएम-४ हे सॉकेट जुने, रायझनबरोबर २०१७ साली आलेले. एएम-५ हे २०२२ चे. नव्यावर पुढचे प्रोसेसरही बसतील, परंतु त्याला रॅम डीडीआर-५ जातीचीच लागते. आणि रॅमच्या बाबतीत २०२५ च्या अखेरीस बाजारात मोठी उलथापालथ झाली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडे चिपांचा माल वळला आणि घरगुती रॅमचे भाव भराभर चढले. मायक्रॉन या कंपनीने तर 'क्रुशियल' या नावाने घरगुती ग्राहकांना रॅम विकण्याचा आपला धंदाच बंद करीत असल्याचे त्या डिसेंबरात जाहीर केले. तेव्हा सहा महिन्यांपूर्वीच्या कुणाच्या तरी यादीवर विसंबून पैसे बाजूला काढू नका. ज्या आठवड्यात घ्यायचे त्याच आठवड्यात भाव काढा.

रॅम १६ जीबी घ्यायची तर ८-८ च्या दोन पट्ट्या घ्याव्यात. एकच १६ ची घेतली तर प्रोसेसरकडे जाणारा एकच रस्ता उघडतो, दोन घेतल्या तर दोन. ५६००जी सारख्या प्रोसेसरला तर याचा फार फरक पडतो, कारण चित्रे काढायला तो हीच रॅम वापरतो. साठवणीसाठी एसएसडी घ्यावी. जुनी फिरती हार्ड डिस्क फोटो ठेवायला ठीक, गेम तिच्यावर रांगतात.

कार्ड नवे की जुने?

ग्राफिक्स कार्ड हा यादीतला सर्वांत महाग भाग, आणि फसवणूकही इथेच जास्त. कार्ड किती वीज खाते हा आकडा कंपनी छापते. तो आपण विचारत नाही, विचारला पाहिजे. एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०६० हे १७० वॅट खाते, त्यानंतर २०२३ साली आलेले आरटीएक्स ४०६० हे ११५ वॅट. एएमडीचे आरएक्स ६६०० हे १३२ वॅट. खाल्लेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणजे दोन कार्डे कामात सारखी असतील तर कमी वॅटचे कार्ड आपल्या खोलीसाठी चांगले. थंड देशातल्या माणसाला हा फरक जाणवणार नाही, पत्र्याखाली झोपणाऱ्याला जाणवतो.

जुने कार्ड निम्म्या भावात मिळते म्हणून मोह होतो. २०२१ च्या सुमारास आभासी नाण्यांच्या 'मायनिंग'साठी लोकांनी हजारो कार्डे रात्रंदिवस चालवली. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम या नाण्याची पद्धतच बदलली, कार्डांची गरज संपली आणि तो माल जुन्या बाजारात आला. सगळेच मायनिंगचे कार्ड खराब असते असे नाही. चिप बहुधा टिकते, पंखे आणि पेस्ट मात्र झिजलेली असतात. जुने घ्यायचे झाल्यास विकणाऱ्याच्या समोर अर्धा तास जड गेम चालवून बघावा. पंखा खरखरतो का, पडद्यावर रंगीत ठिपके येतात का, तापमान किती चढते, हे सगळे अर्ध्या तासात कळते. "चालवायला वीज नाही" असे कुणी म्हणाला तर नमस्कार करून निघावे.

इंटेलचे तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे जास्त ताकदीचे प्रोसेसर जुने घेताना असेच सावध राहावे. त्यांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जात असल्याचे कंपनीने २०२४ मध्ये मान्य केले, दुरुस्तीचे सॉफ्टवेअर दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. परंतु जो प्रोसेसर आधीच इजा पावला आहे तो सॉफ्टवेअरने बरा होत नाही.

एसएमपीएसमध्ये काटकसर नको

आमच्या माहितीतल्या एका घरात तयार 'गेमिंग कॉम्प्युटर' आला. काचेचे कॅबिनेट, सात रंगांचे दिवे, बघायला गल्ली जमली. आत पाहिले तर प्रोसेसर बरा, कार्ड बरे, आणि एसएमपीएस मात्र सात-आठशे रुपयांचा. वर स्टिकर ४५० वॅटचा. चौथ्या महिन्यात, ऐन मे महिन्यात, आवाज झाला, जळका वास आला, आणि तो जाताना मदरबोर्डलाही घेऊन गेला. बिल कच्चे होते, म्हणून दुकानाने हात वर केले. त्या घरातली बाई दोन ठिकाणी स्वयंपाकाला जाते. तिने आम्हांला एवढेच विचारले, "दिवे कमी लावले असते तर चाललं नसतं का हो?" चालले असते.

हिशेब सोपा आहे. रायझन ५ ५६०० जोरात चालताना ९० वॅटच्या आत राहतो. आरटीएक्स ४०६० चे ११५. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून आणखी ५० धरा. बेरीज अडीचशेच्या आसपास. याला चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस पुष्कळ झाला. निम्म्या भाराने चालणारा एसएमपीएस कमी तापतो आणि जास्त वर्षे जगतो. त्यावर '८० प्लस'ची खूण बघावी. तिचा अर्थ असा की घेतलेल्या विजेतील निदान ८० टक्के तो यंत्राला देतो, उरलेली उष्णतेत घालवतो. '८० प्लस ब्राँझ' आणि पाच वर्षांची वॉरंटी एवढे मिळाले की पुढे जायचे कारण नाही. ७५० किंवा ८५० वॅटचा घ्या असा आग्रह कुणी धरला तर कशासाठी ते विचारावे.

उष्णता जाते कुठे?

आता मुख्य विषय. प्रोसेसरची चिप नखाएवढी, आणि तिच्यातून ऐंशी-नव्वद वॅटची उष्णता निघते. ती आधी थर्मल पेस्टमधून कूलरच्या तळाला जाते. तळाशी तांब्याच्या नळ्या असतात. नळीत थेंबभर द्रव असतो, तो खाली तापून वाफ होतो, वर पातळ पत्र्यांशी जाऊन थंड होतो आणि पुन्हा खाली उतरतो. डोळ्यांना न दिसणारे हे रहाटगाडगे अखंड चालू असते. पत्र्यांवरची उष्णता पंखा उडवतो ती कॅबिनेटच्या पोटात. कॅबिनेटचे पंखे ती खोलीत सोडतात. आणि खोलीतून? खिडकीतून गेली तर गेली, नाहीतर घरातच राहिली. या साखळीची एक कडी अडली की मागच्या सगळ्या तापतात.

कूलर काहीही थंड करीत नाही, तो फक्त उष्णता वाहून नेतो. म्हणून खोलीच्या हवेपेक्षा चिप कधीच थंड होणार नाही. समजा एखादा कूलर चिपला खोलीपेक्षा ४५ अंश वर ठेवतो. दुकानात ए.सी. लावून २५ अंश असतील तर चिप ७० वर दिसेल आणि दुकानदार हसून आकडा दाखवील. तोच कॉम्प्युटर मे महिन्यात नागपूरला किंवा मुंबईतल्या पत्र्याच्या पोटमाळ्यावर, दुपारी ४० अंशांत लावा. आकडा ८५ होतो. रायझन ५ ५६०० ची कंपनीने दिलेली मर्यादा ९० अंश आहे. तिच्याजवळ आला की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. गेम अडखळतो. मुलगा म्हणतो, "कार्ड बदलायला हवं." बदलायला हवी असते ती हवा. यूट्यूबवर जे परीक्षणाचे व्हिडिओ मुले बघतात, त्यातले बहुतेक थंड खोलीत केलेले असतात. त्यातल्या आकड्यात आपल्या खोलीचे १५ अंश मिळवून मगच निर्णय घ्यावा.

रायझन ५ ५६०० च्या खोक्यात एक छोटा कूलर फुकट येतो. पक्क्या छताच्या, हवेशीर खोलीत तो चालतो, फक्त आवाज करतो. पत्र्याच्या खोलीत मात्र दोन-तीन हजारांचा, चार नळ्या आणि १२० मिलिमीटरच्या पंख्याचा उभा कूलर घ्यावा. यादीतल्या कुठल्याही खर्चापेक्षा हा खर्च सार्थकी लागतो. घेण्याआधी त्याची उंची कॅबिनेटमध्ये मावते का ते पाहावे, नाहीतर काच बंदच होत नाही.

मुले पाण्याचा कूलर मागतात, कारण तो दिसतो छान. मोठ्या, दीड-दोनशे वॅटच्या प्रोसेसरला त्याचा उपयोग आहे. आपल्या ६५ वॅटच्या वर्गातल्या प्रोसेसरला नाही. त्यातला पंप बंद पडू शकतो, पाणी वर्षागणिक थोडे थोडे उडून जाते आणि बिघडला तर दुरुस्त होत नाही, फेकावा लागतो. हवेच्या कूलरचा पंखा गेला तर काहीशे रुपयांत नवा बसतो. पाण्याचा असो की हवेचा, शेवटी उष्णता त्याच खोलीत येते.

कॅबिनेट आणि जागा

कॅबिनेटची पुढची बाजू जाळीची असावी. पुढे काच असली की पंख्यांना श्वास घेता येत नाही, मग ते कितीही रंगीत असोत. पुढे दोन पंखे हवा आत घेणारे आणि मागे एक बाहेर टाकणारा, एवढी मांडणी पुरते. पंखा उलटा बसवण्याची चूक फार होते. पंख्याच्या ज्या बाजूला मोटार धरून ठेवणाऱ्या काड्या असतात त्या बाजूने हवा बाहेर पडते. खात्री करायची तर कागदाची पातळ पट्टी जवळ धरावी, आत ओढली जाते की उडते ते दिसते.

आता जागा. आपल्या घरांत ही निवड अवघड असते हे आम्ही जाणतो. तरीही शेगडीच्या बाजूला कॉम्प्युटर ठेवू नये. फोडणीचा तेलकट धूर आणि धूळ एकत्र आली की पत्र्यांमध्ये नमद्यासारखा थर बसतो, तो फुंकून जात नाही. कपाटात किंवा पलंगाखाली कोंबू नये. जमिनीवरही नको, विटांवर किंवा स्टुलावर ठेवावा, कारण बहुतेक कॅबिनेटमध्ये एसएमपीएस तळातून हवा ओढतो. भिंतीपासून एक वीत लांब असावा. दुपारचे ऊन खिडकीतून जिथे येते ती जागा टाळावी.

घरातल्या इतरांचाही विचार हवा. कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून पावणेतीनशे वॅट खातात, म्हणजे ७५ वॅटचे जवळजवळ चार पंखे चालतील इतकी वीज. ती सगळी त्या खोलीत उकाडा होऊन राहते. त्याच खोलीत आजी झोपलेली असते, धाकटी अभ्यास करते, आई दिवसभर उभी राहून आलेली असते. खेळ एकाचा आणि घाम सगळ्यांना, असे होता कामा नये. उपाय फुकटातले आहेत. गेमच्या सेटिंगमध्ये सेकंदाला ६० चित्रांची मर्यादा घालावी. कार्ड विनाकारण दीडशे-दोनशे चित्रे काढत बसत नाही आणि वीज बरीच वाचते. कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची वीज ८० टक्क्यांवर बांधता येते, गेमच्या वेगात फरक थोडासाच पडतो. आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी एक ते चार कॉम्प्युटर बंद. हा नियम घरच्यांनीच घालावा लागतो.

विजेचे बिलही मांडून पाहा. पावणेतीनशे वॅट रोज चार तास चालले तर १.१ युनिट, महिन्याला ३३. युनिटला ८ रुपये धरले तरी २६४ रुपये झाले. आपल्याकडे १०० युनिटांपर्यंत एक दर आणि त्यापुढे चढा दर असतो. ज्या घराचे बिल आज ८५-९० युनिटांचे आहे, तिथे या ३३ पैकी निम्म्याहून जास्त युनिट वरच्या दराने पडतील. मुलाला हे गणित स्वतः करायला लावावे.

अर्थिंगची हेळसांड नको

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर ते "थोडं करंट मारतं" म्हणून सोडून देण्यासारखे नाही. अर्थिंग नाही, असा त्याचा अर्थ. चाळीत आणि वस्तीत ओढून घेतलेल्या लाइनला अर्थिंग नसणे नित्याचे आहे. तिसरी पिन कापून टाकणे किंवा अर्थिंगची वायर नळाला बांधणे, हे दोन्ही जिवावर बेतू शकते. नळाला शेजारचे लहान मूलही हात लावते. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि मगच कॉम्प्युटर घरात आणावा. ज्या बोर्डावर इस्त्री किंवा फ्रिज आहे त्यावर तो लावू नये. यूपीएस घ्यायचा तर व्हीए आणि वॅट यांतला फरक विचारा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. कार्डवाल्या कॉम्प्युटरला आणि मॉनिटरला मिळून १००० व्हीएच्या आसपासचा बरा पडतो.

जोडणी आणि खरेदी

मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजे ग्रँट रोड स्टेशनजवळचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली ही या मालाची जुनी ठिकाणे. तीन दुकानांतून भाव कागदावर लिहून घ्यावा. "आठ जीबीचं ग्राफिक्स कार्ड" असे नको, पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्यावा. एसएमपीएसचे कंपनीसह नाव नसेल तर ती यादी परत द्यावी. प्रोसेसर खोक्यातला की 'ट्रे'चा ते विचारावे. ट्रेचा स्वस्त पडतो, पण त्याला कंपनीची वॉरंटी मिळेलच असे नसते. "बिलाशिवाय घ्या, दोन हजार कमी" असे सांगणारे भेटतात. १८ टक्के जीएसटी डोळ्यांत खुपतो हे खरे, परंतु पक्क्या बिलावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर असेल तरच तीन वर्षांनी कुणी दाद देतो. दुकान ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

जोडणी दुकानात करून घेतली तरी मुलाला समोर उभे करावे, मुलगी घेत असेल तर तिला. नवीन कूलरच्या तळाला प्लॅस्टिकची पातळ फिल्म असते, ती काढायला पुष्कळ जण विसरतात आणि प्रोसेसर पहिल्याच दिवशी तापतो. पेस्ट वाटाण्याएवढी पुरे, लोण्यासारखी थापायची नाही. रॅमच्या दोन पट्ट्या चार खाचांच्या बोर्डावर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसतात. मॉनिटरची वायर कार्डाला लावायची, मदरबोर्डाला नाही. कार्ड घेऊनही ते महिनोन्महिने रिकामे बसल्याची उदाहरणे या एका चुकीने घडतात. विंडोज १० ची नियमित सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे, तेव्हा दुकानदार तेच टाकून देत असेल तर नको म्हणावे. लिनक्स फुकट आहे आणि अभ्यासाला उत्तम, मात्र 'व्हॅलोरंट' त्यावर चालत नाही.

पुढची देखभाल घरची घरी होते. दर दोन महिन्यांनी प्लग काढून, मऊ ब्रश आणि हातपंपाने धूळ काढावी. साफ करताना पंखा बोटाने धरून ठेवावा, तो गरगर फिरू देऊ नये. पेस्ट दोन-तीन वर्षांनी बदलावी. पावसाळ्यात, विशेषतः समुद्राजवळच्या वस्तीत, कॉम्प्युटर आठवडाभर बंद ठेवू नये. रोज अर्धा तास चालवला तर आतली ओल धरत नाही. मागच्या बाजूच्या रिकाम्या फटी पत्र्याने बंद असाव्यात. ऊब असते तिथे झुरळ आणि पाल घर करतात, आणि मदरबोर्डवर मेलेली पाल हे मुंबईतल्या दुरुस्तीवाल्यांना नवीन नाही.

भागांची रिकामी खोकी फेकू नका. पोटमाळ्यावर जागा नसली तरी निदान कार्डाचे आणि एसएमपीएसचे खोके वॉरंटी संपेपर्यंत ठेवा, बिलाची झेरॉक्स त्यातच घालून ठेवा आणि बिलाचा मोबाईलवर फोटोही काढून ठेवा. दुकानाच्या बिलांची शाई वर्षभरात उडून जाते.